रिपोर्टातला माग

हिस्टोपॅथॉलॉजी हा शब्द आमच्या लॅबमध्ये पूर्ण कोणीच म्हणत नाही. डॉक्टर नुसतं 'हिस्टो' म्हणतात, रिसेप्शनवरची मुलगी 'बायोप्सीवालं' म्हणते आणि पेशंटचे नातेवाईक खिडकीशी येऊन "मॅडम, ते तुकड्याचं आलं का ओ?" असं विचारतात. मला विचाराल तर तिघांत सगळ्यात नेमकं तेच बोलतात, कारण प्रकरण शेवटी तुकड्याचंच असतं. शरीरातनं काढलेला हरभऱ्याएवढा नाहीतर लिंबाएवढा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत घालून आमच्याकडे येतो, आणि तो चिरून, सुकवून, मेणात बसवून, पातळ कापून, रंगवून काचेवर ठेवायचा, एवढं माझं काम. पुढं बघायचं आणि सांगायचं काम डॉक्टरांचं. मी टेक्निशियन.

पण शब्द मात्र भीती घालणारा आहे हे मान्य. कागदावर वरच्या बाजूला ठळक अक्षरात हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट असं दिसलं की चांगल्या शिकलेल्या माणसाचाही चेहरा उतरतो. म्हणून म्हटलं एकदा हा शब्द उसवून बघू.

तीन तुकडे आहेत, तिन्ही ग्रीक. शेवटचा लॉजी, म्हणजे लोगोस, तो सगळ्या शास्त्रांच्या शेपटाला असतो, त्याचं काही नवल नाही. मधला पॅथॉस, म्हणजे सोसणं, दुखणं. सिंपथीमधली पॅथी ती हीच. राहिला हिस्टो. पुष्कळ जणांना वाटतं की हिस्टरीशी काहीतरी संबंध असणार, पेशंटची हिस्टरी वगैरे, पण तो नाहीये. हिस्टरीचं मूळ 'जाणणं' या अर्थाचं, आपल्या विद् धातूच्या भावकीतलं. आणि हिस्टोस म्हणजे माग. कापड विणायचा माग. आता हे सोलापुरात बसून वाचताना हसू येणार नाही तर काय होणार. ज्या गावात गल्लीगल्लीतनं खटक-खटक आवाज ऐकत आपण मोठे झालो, ज्या गावाच्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, त्या गावातली माणसं रिपोर्टावरचा 'माग' बघून घाबरतायत!

ग्रीकांचा माग मात्र आपल्यासारखा नव्हता. आपल्याकडचा जुना हातमाग म्हणजे खड्ड्याचा, विणकर जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर आणि ताणा, म्हणजे लांबीचे धागे, समोर आडवा पसरलेला. त्यांचा माग उभा. दोन खांब, वर आडवी दांडी, दांडीवरनं ताण्याचे धागे खाली सोडलेले आणि ते ताठ राहावेत म्हणून खालच्या टोकांना भाजलेल्या मातीची वजनं बांधलेली. ही वजनं उत्खननांत ढिगानं सापडतात, लाकूड कुजून गेलं पण माती राहिली. बाई त्या मागासमोर उभी राहून विणायची, रुंद कापड असलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची परत यायची. होमर या जुन्या ग्रीक कवीच्या काव्यात मागासमोर अशा येरझाऱ्या घालणाऱ्या बायका आहेत. आणि विणकाम वरनं खाली यायचं. माग उभा असायचा म्हणूनच त्याला हिस्टोस म्हणत, कारण शब्दाचा मूळ अर्थच 'उभं केलेलं'. जहाजाच्या डोलकाठीलाही ग्रीकमध्ये हाच शब्द.

इथं आपलं घर जवळ येतं. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा स बऱ्याचदा ह होतो, आपलं सप्त तिकडं हेप्टा, तसं. 'उभं राहणं' या अर्थाचा जो मूळ धातू, तो संस्कृतात स्था. त्याचं रूप होतं तिष्ठति, धातू दुमडून पुढं जोडलेलं. ग्रीकमध्येही अगदी तसंच दुमडून हिस्टेमी होतं. म्हणजे स्थान, स्थिर, अवस्था, ठाणं, उठणं ही सगळी मंडळी हिस्टोसची चुलत भावंडं. आणि तिष्ठत हा आपला रोजचा शब्द तर सख्ख्याच्या जवळचा. आमच्या खिडकीसमोर रिपोर्टासाठी जी माणसं तासन् तास तिष्ठत असतात ना, त्यांच्या तिष्ठण्यात आणि हातात पडणाऱ्या कागदावरच्या हिस्टोमध्ये एकच धातू आहे.

होमरचा विषय निघालाच आहे तर पेनेलोपी सोडून पुढं जाववत नाही. ओडिसीत नवरा युद्धावर गेलाय, वर्षानुवर्षं पत्ता नाही, घरात लग्नाचे उमेदवार तळ ठोकून बसलेत. ती म्हणते, सासऱ्यासाठी कफनाचं वस्त्र विणतीये, ते पूर्ण होऊ दे, मग बघू. दिवसभर विणते आणि रात्री मशालीच्या उजेडात उसवते. तीन वर्षं हे चाललं, मग दासीनंच फोडलं. लोक या गोष्टीत तिची निष्ठा बघतात. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, माग बिघडला की तो लावून द्यायचा हे त्यांचं काम, त्यांना ही गोष्ट सांगितली तर त्यांची पहिली शंका वेगळीच होती. "उसवलेलं सूत परत विणायला चालतंय का? केस निघतेत त्याला. तीन वरसं एकच सूत म्हणल्यावर उमेदवारांला कळाया पाहिजे हुतं, कापड बगून." उमेदवारांतला एकही विणकर नव्हता हे उघड आहे.

ग्रीकांनी माग घेतला तसा रोमनांनी ताणा. लॅटिनमध्ये उभ्या मागावरच्या ताण्याच्या धाग्याला स्टामेन म्हणत, तोही त्याच स्था घराण्यातला. फुलातल्या पुंकेसराला इंग्रजीत स्टेमेन म्हणतात तो हाच, कारण उभे बारीक तंतू. आणि त्याचं लॅटिन अनेकवचन काय, तर स्टामिना! होम मैदानावर पहाटे पोलीस भरतीची पोरं पळत असतात, "स्टॅमिना कमी पडतोय बे" म्हणतात, त्यांचे ताण्याचे धागे कमी पडतायत. यामागं दैव ठरवणाऱ्या तीन बायकांची कल्पना आहे. एक आयुष्याचा धागा कातते, दुसरी मापते, तिसरी कापते, आणि जन्मताना ज्याच्या वाट्याला जेवढे चिवट धागे आले तेवढं त्याचं बळ. कापणारीचं नाव अत्रोपोस, 'जी वळत नाही' ती. तिच्या नावावरनं लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञानं एका विषारी झाडाला अत्रोपा नाव दिलं आणि त्या झाडातनं निघालं अॅट्रोपीन. शेतात फवारायची काही औषधं पोटात गेलेला पेशंट कॅज्युअल्टीत आला की हेच अॅट्रोपीन धडाधड देतात. धागा कापणारीच्या नावाचं औषध धागा धरून ठेवतं. नाव ठेवणाऱ्याच्या हे स्वप्नातही नसेल.

बरं, पण शरीराच्या शास्त्राला मागाचं नाव का दिलं? याचं उत्तर फ्रान्समध्ये आहे. झाव्हिए बिशा नावाचा डॉक्टर, १७७१ चा जन्म, १८०२ मध्ये गेला, म्हणजे जेमतेम तीस वर्षांचं आयुष्य. त्याच्या आधीचे लोक शरीर अवयवांत मोजायचे, काळीज, फुप्फुस, जठर असं. बिशानं शेकडो शवविच्छेदनं करून सांगितलं की अवयव हा काही शेवटचा माल नव्हे, अवयव ज्याचे बनलेत ते 'कापड' बघा, तेच तेच कापड वेगवेगळ्या अवयवांत फिरून फिरून येतं आणि रोगही बऱ्याचदा अवयवाला होत नाही, त्या कापडाला होतो. असे एकवीस प्रकार त्यानं मोजले. आणि कापडासाठी फ्रेंच शब्द वापरला तिस्यू, म्हणजे विणलेलं, जो लॅटिनच्या टेक्सेरे या क्रियापदातनं आलाय. टेक्सेरे म्हणजे विणणं. टेक्स्टाइल त्यातलाच, टेक्स्ट त्यातलाच (शब्द विणून केलेला तो मजकूर), टेक्स्चर, कॉन्टेक्स्ट सगळे तिथलेच.

बिशाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्यानं मायक्रोस्कोप वापरलाच नाही. त्याचा त्यावर विश्वास नव्हता. मग प्रकार ओळखले कसे? तर तुकडे उकळले, वाळवले, पाण्यात भिजत ठेवून कुजवले, आम्लात टाकले आणि कोण कसा वागतो ते बघितलं. आपल्याकडं सुताचा व्यापारी धागा काडीनं जाळून बघतो ना, राख झाली तर कॉटन, गोळी झाली तर पॉलिस्टर, त्यातलीच रीत. आणि हा माणूस डॉक्टरकी शिकला कुठं तर आधी लिऑनला. लिऑन म्हणजे रेशीम विणणाऱ्यांचं गाव, फ्रान्सचं सोलापूरच म्हणा, जॅकार्ड हा जॅकार्ड मागाचा कर्ता तिथलाच आणि बिशाच्याच काळातला. आपल्या चादरीवरचा मोर ज्या जॅकार्डवर उठतो तो तोच. आता विणकरांच्या गावात शिकलेल्या पोराला मांसात कापड दिसलं यात काही दुवा आहे असा माझ्याकडं काही पुरावा नाही, पण मनातनं ते जात नाही एवढं खरं.

मग १८१९ मध्ये मायर नावाच्या जर्मन प्राध्यापकानं बिशाचं हे कापड उचललं आणि त्याच्या अभ्यासाला ग्रीक नाव दिलं, हिस्टोलॉजी. तेव्हा विद्वानाला साधं नाव चालत नसे, ग्रीक कोट घातल्याशिवाय शब्दाला सभेत बसू देत नसत. गंमत बघा, एकाच टेबलावरच्या एकाच वस्तूला आम्ही टिश्यू म्हणतो ते लॅटिनकडनं आणि शास्त्राला हिस्टोलॉजी म्हणतो ते ग्रीककडनं, आणि दोन्हीचा अर्थ मागाभोवतीच फिरतो.

टिश्यू शब्दाचं म्हणाल तर त्याचा सगळ्यात जुना इंग्रजी अर्थ आज लॅबमध्ये नाही आणि हॉटेलातल्या कागदातही नाही, तो साडीच्या दुकानात आहे. जुन्या इंग्रजीत टिश्यू म्हणजे जरतारी कापड, सोन्याचांदीची तार घालून विणलेलं, राजेलोकांचं. लग्नाच्या बस्त्याला गेल्यावर सेल्समन गादीवर फर्रकन साडी उलगडतो आणि म्हणतो "ताई, ही प्युअर टिश्यू बघा", तेव्हा तो बिचारा शेकडो वर्षांपूर्वीचा अर्थ जसाच्या तसा बोलत असतो. नाक पुसायचा टिश्यू ही नंतरची अवकळा. त्याच घराण्यातली आणखी एक अवकळा म्हणजे टॉयलेट. टेक्सेरेपासून लॅटिन टेला, म्हणजे विणलेलं कापड, त्याचं फ्रेंच त्वाल, आणि छोटं कापड ते त्वालेत. ते कापड शृंगाराच्या टेबलावर अंथरायचे, मग शृंगारालाच त्वालेत म्हणायला लागले, मग त्या खोलीला, आणि मग खोली कुठं घसरली ते आपल्याला ठाऊकच आहे.

आपल्याकडं टिश्यूला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऊती म्हणतात. मुलांना तो शब्द पाठ करायचा असतो म्हणून ती पाठ करतात, तो आला कुठनं हे मला शाळेत कोणी सांगितल्याचं आठवत नाही. संस्कृतात विणणे या अर्थाचा धातू आहे, त्याचं भूतकाळी रूप ऊत, म्हणजे विणलेलं. ज्या कोणी पारिभाषिक शब्द बनवला त्यानं बिशाची कल्पना नीट समजून घेऊन बनवला, उगाच काहीतरी चिकटवलं नाही. आणि हाच ऊत आपण रोज वापरतो, ओतप्रोत मध्ये. आ-ऊत आणि प्र-ऊत, उभं विणलेलं आणि आडवं विणलेलं, ताणा नि बाणा. प्रेमानं ओतप्रोत भरलेलं वगैरे लिहिणाऱ्यांना वाटतं त्यात 'ओतणं' आहे, भांड्यात पाणी ओतल्यासारखं, म्हणून तर पुढं 'भरलेलं' येतं. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते ते याच शब्दांत: हे सगळं पाण्यात ओत आणि प्रोत आहे, तर पाणी कशात ओत आणि प्रोत आहे? तो सांगतो वाऱ्यात. मग वारा कशात? असं करत करत ती इतकी खोल जाते की शेवटी तो म्हणतो, आता पुरे, फार विचारलंस तर डोकं गळून पडेल. प्रश्न विणकामाचा आहे, एवढ्या मोठ्या विश्वाचा ताणा कुठल्या तुरीवर, म्हणजे मागाच्या दांड्यावर, गुंडाळलाय असा. मला तरी त्या सभेत गार्गीचंच बरोबर वाटतं.

सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली या विणकर लोकांत अशीच एक कथा सांगतात की मार्कंडेयांच्या कुळातल्या भावनाऋषींनी कमळाच्या देठातल्या तंतूंनी देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं. पद्म म्हणून पद्मशाली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा तो सगळा भाग रस्त्यावर असतो. तेलंगणातनं आलेल्या या लोकांनी सोलापूरला माग दिला म्हणायला हरकत नाही, आणि त्यांच्या तेलुगूतलं मग्गम, पलीकडं कन्नडमधलं मग्ग आणि आपला माग हे तिघं एकमेकांना ओळखतात हे कानालाच कळतं. म्हणजे रिपोर्टावरचा माग ग्रीक, आणि दारातला माग दक्षिणेतला.

हे झालं शब्दांचं. पण आमच्या लॅबमध्ये कापड नुसतं शब्दात नाहीये, बाटल्यांत पण आहे, आणि मला हे जास्त भारी वाटतं.

मेणात बसवलेला तुकडा मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, चढवायचा आणि चाक फिरवायचं. तीन-चार मायक्रॉनचा काप निघतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एकामागून एक काप एकमेकांना चिकटून त्याची पट्टी येते, तिला आम्ही रिबनच म्हणतो. ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची, सुरकुत्या गेल्या की खालनं काच घालून उचलायची. फुंकर जरी लागली तरी रिबन ब्लेडलाच गुंडाळते, म्हणून मे महिन्यातसुद्धा, सोलापूरच्या मे महिन्यात बरं का, कापताना पंखा बंद. मेण वितळलं की काचेवर जे राहतं ते जवळजवळ दिसतच नाही, पाण्याचा वाळलेला डाग असावा तसं. त्याला रंगवल्याशिवाय डॉक्टरांना काही दिसत नाही. आणि जगभर रोज जे दोन रंग वापरतात, हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन, ते दोन्ही मुळात कापडाचे.

हिमॅटॉक्सिलीन म्हणजे ग्रीक हायमा, रक्त, अधिक क्सायलॉन, लाकूड. मेक्सिकोच्या काम्पेचे भागातलं एक झाड, त्याचं आतलं लाकूड लाल, ते उकळून कापड काळं-जांभळं रंगवायचे. या लाकडासाठी तिकडं इतकी मारामारी होती की इंग्रजांची बेलीझमधली वसाहत या लाकूडतोडीतनंच उभी राहिली. नुसता हा रंग धरत नाही, हे रंगाऱ्याला आधीपासून माहीत होतं. तुरटी घातली की धरतो. १८६५ च्या सुमारास ब्योमर नावाच्या जर्मनानं हिमॅटॉक्सिलीनला तुरटीची जोड दिली आणि मग पेशींची केंद्रकं निळीशार दिसायला लागली. असल्या रंग धरवणाऱ्या पदार्थाला इंग्रजीत मॉर्डंट म्हणतात, लॅटिन 'चावणे'वरनं, रंग धाग्याला चावतो म्हणून. दुसरा इओसिन, ग्रीकांच्या उषादेवीच्या, इओसच्या, नावाचा. पहाटेचा गुलाबी. हा १८७० च्या दशकात कापड रंगवण्यासाठीच तयार केलेला रासायनिक रंग, हाईनरिश कारो या रसायनशास्त्रज्ञाचा. दोन्ही रंग एका काचेवर एकत्र आले १८७६ मध्ये आणि तेव्हापासून तीच रीत चालू आहे. हिमॅटॉक्सिलीनमधनं काच काढली की आधी तांबूस-जांभळी दिसते, मग नळाच्या पाण्यात धरली की निळी व्हायला लागते, कारण पाणी थोडं अल्कली पाहिजे. आपल्या बोअरचं जड पाणी, जे भांड्यांवर पांढरे थर आणतं आणि ज्याच्या नावानं सगळं गाव खडे फोडतं, ते या कामाला फर्स्टक्लास.

आप्पा एकदा डबा द्यायला आले होते, मी बेसिनपाशी काचांचा स्टँड बुडवत उभी होते ते बघून म्हणाले, "ही तर तुमची डाईंगच हाय की. पक्का हाय का रंग?"

पक्का आहे. जुन्या स्लाइड्स अंधारात नीट ठेवल्या तर वर्षानुवर्षं रंग टिकतो. असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, जॉबरची मान सहसा हलत नाही.

मायक्रोस्कोपचंही तसंच. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा लेवेनहुक, ज्यानं पाण्याच्या थेंबातले जीव पहिल्यांदा बघितले, तो धंद्यानं कापडवाला. सतराव्या शतकातले कापडवाले भिंग ठेवायचेच, धागे मोजायला. आपल्याकडं अजूनही कारखान्यात पिक ग्लास असतो, घडीचा, पितळी, एक इंचाची चौकट, कापडावर ठेवायचा आणि रीड-पिक, म्हणजे इंचात उभे-आडवे धागे किती ते, मोजायचं. लेवेनहुकनं भिंगं घासून घासून अशी केली की धाग्यांच्या पलीकडचं दिसायला लागलं. आणि त्याच शतकातल्या नेहेमाया ग्रू या इंग्रज डॉक्टरानं झाडाच्या देठाचा काप बघून सरळ लिहून ठेवलं की झाडाचं सगळं अंग म्हणजे बारीक लेस आहे. बिशाच्या शंभरेक वर्षं आधी.

मागच्या वर्षी आप्पांच्या नडगीवर एक घट्ट गाठ आली, तपकिरी, तुरीच्या दाण्याएवढी. दुखत नव्हती पण जातही नव्हती. काढली आणि रीतीप्रमाणे तपासायला आली, आमच्याकडेच. घरच्या माणसाचा ब्लॉक, म्हणजे मेणातला तुकडा, कापताना हात कसा चालतो ते कोणाला सांगून कळायचं नाही. रिपोर्ट चांगला आला, साधी गाठ, काळजीचं कारण नाही. पण त्यात एक शब्द होता, स्टोरिफॉर्म पॅटर्न. आप्पांनी चष्मा लावून तो अडखळत वाचला आणि विचारलं, "हे काय स्टोरी लिवलीय?"

स्टोरी नाही. लॅटिनमध्ये स्टोरेआ म्हणजे वेताची, लव्हाळ्याची चटई. पेशी चटईच्या विणीसारख्या या दिशेनं त्या दिशेनं गेल्यात एवढाच अर्थ. आणि हा काही एकटा शब्द नाही. कातडीचा सगळ्यात वरचा थर नॉर्मल असला की आमचे डॉक्टर बास्केट वीव्ह लिहितात, टोपलीची वीण. एका जातीच्या गाठीत हेरिंगबोन दिसतो, म्हणजे सूटिंगच्या कापडात असतात त्या तिरक्या माश्याच्या काट्यांसारख्या ओळी. पेशींच्या जुडीला फॅसिकल, तोही लॅटिनच, छोटी मोळी. ऐन रोगाचं निदान लिहिताना माणसाला अजून कापडाच्या गाठोड्यातनंच शब्द काढावे लागतात.

डॉक्टरांना विचारून मी आप्पांना त्यांचीच स्लाइड दाखवली. एक डोळा मिटून बराच वेळ बघत होते. नळीतनं बघायची सवय नाही, आधी स्वतःच्याच पापण्या दिसतात. मग गुलाबीत निळे ठिपके दिसले, मग वीण दिसली.

"चटई हाय खरी," म्हणाले. "पण इणणारा दारू पिऊन बसलाय."

डॉक्टर मोठ्यांदा हसले. पॅथॉलॉजीच्या पुस्तकात हेच वाक्य जरा सभ्य शब्दांत असतं म्हणाले.

एक गोष्ट मला या सगळ्यात खुपते ती सांगून टाकते. माग, ताणा, वीण, रंग, तुरटी, भिंग, सगळं घेतलं विणकराकडनं आणि रंगाऱ्याकडनं, पण त्यावर ग्रीक-लॅटिनचा असा कोट चढवला की विणकरालाच ते वाचता येईना. मराठीत सांगायची वेळ आली की डॉक्टर लोक "टिश्यू घेतलाय" म्हणतात आणि समोरच्या बाईला वाटतं कागद. "तुमच्या आतल्या कापडाचा छोटा तुकडा घेतलाय, त्याची वीण बघायचीय" असं म्हटलं तर आपल्या गावात तरी कोणाला कळणार नाही? मी खिडकीवर असते तेव्हा असंच सांगते. रिसेप्शनवरची मुलगी पहिल्यांदा हसायची, आता तीही सांगते.

आप्पांचं मात्र समाधान झालेलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना, कडक भाकरी मोडता मोडता, त्यांनी हिशेब मांडला. ग्रीकांनी माग घेतला. रोमनांचा ताणा, त्याचा स्टॅमिना झाला. "मग बाणा कुटं गेला? नुसत्या ताण्यावर कापड व्हतंय का? काय बी बोलूलालीस."

प्रश्न रास्त होता. बाण्याला लॅटिनमध्ये एक शब्द ट्रामा. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये अजून तो गोष्टीच्या कथानकाला वापरतात, आणि आमच्या जीवशास्त्रात तो गेला अळंबीकडं. अळंबीच्या छत्रीखाली जे पातळ पातळ पडदे असतात ना, त्यांच्या आतल्या गराला ट्रामा म्हणतात.

आप्पांनी शेंगाचटणीवर दही घेतलं, घास खाल्ला आणि म्हणाले, "म्हंजे ताणा गेला पोलीस भरतीला आणि बाणा गेला कुत्र्याच्या छत्रीत."